आठ वाजून सात मिनिटांची ट्राम

येशू, मरिया, जोसेफ

पेटिग्रू मिल्स,
बुधवार, १५ ऑक्टोबर १९२४

चि. लिओ यास विनीआत्याचे आशीर्वाद, आणि गालावर एक पापी (तू चौतीस वर्षांचा झालास हे मला ठाऊक आहे).

तुझा खोकला कसा आहे? न्यूयॉर्कच्या हवेत लोकरी गंजिफ्रॉक घालत जा. इथे आम्ही सगळे ठीक आहोत. डावा गुडघा सोडला तर मीही ठीक आहे, आणि त्या गुडघ्याचं खापर मी तुझ्यावरच फोडणार आहे, पण ते ओघाने येईल. (पत्रात तक्रारीने सुरुवात करू नये, असं कॉन्व्हेंटात मदर स्कोलॅस्टिका शिकवायच्या.)

वर्तमानपत्रातल्या तुझ्या रविवारच्या चित्रांत आमची ट्राम पहिल्यांदा छापून आली तेव्हा गाव किती खवळलं होतं, ते मी तुला कळवलंच होतं. रुळावरून घसरलेला डबा प्रवासीच उतरून ढकलतात, हे काय जगाला सांगायचं? न्हावी सुलिव्हन तर म्हणाला होता, "येऊ दे त्या पोराला दाढीला, एकाच बाजूची मिशी काढतो!" पण मग लोक लांबलांबच्या गावांहून आमची ट्राम बघायला येऊ लागले, औषधाच्या दुकानात तिची पोस्टकार्डं विकायला आली, पत्र्याची खेळण्यातली ट्रामसुद्धा निघाली, आणि सुलिव्हनने तुझी चित्रं कापून आरशाभोवती चिकटवली. चित्रातली टोपीवाली जाडी बाई कोण, हे मात्र मला कुणी विचारत नाही. सगळे शहाण्यासारखे माझ्या टोपीकडे बघतात आणि हवापाण्याचं बोलतात.

आता मिस्टर क्रेमर. लहानपणी तुला मोटरमनच्या जागी उभं करून घंटा वाजवू देणारे तेच ते. माणूस सालस; बायको जाऊन अकरा वर्षं झाली, तरी कोटाचं एक बटण निखळलेलं नाही. पण छापलेल्या शब्दावर त्यांचा भारी विश्वास. तू मोटरमनला पुलावर ट्राम थांबवून मासे धरताना काढलंस. जन्मात गळ हातात न धरलेले मिस्टर क्रेमर पुढच्याच मंगळवारी पुलावर थांबले. का, तर माणसं एवढ्या लांबून येतात, त्यांचा हिरमोड नको. (एक मासा मिळाला. तो त्यांनी मलाच दिला, तुझ्या चित्रांच्या पानात गुंडाळून.) तू डब्यात शेळी बसवलीस, त्यांनी शेळी विकत घेतली. इथवर मीही हसले. पण महिन्यापूर्वी तू मोटरमनला नवं घड्याळ घेऊन दिलंस आणि ट्राम वेळेवर सोडलीस, त्यांनीही घड्याळ घेतलं. लिओ, बाळा, हे तुला कुणी सुचवलं?

बावीस वर्षं दर रविवारी सकाळी ती ट्राम माझ्या फाटकाशी थांबत आली. दोनदा घंटा म्हणजे 'मिस ड्युगन, चला'. तीनदा म्हणजे 'छत्री राहिली'. मी टोपीला पिन लावत बाहेर येईपर्यंत डब्यातली मंडळी गप्पा मारत, कुणी माझ्या कुंपणावरची सफरचंदं खाई. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणार मी आणि मिस्सा ऐकणारे सगळे त्याच डब्यात, तेव्हा घाई कुणाला? (लवकर उठावं, असं तू म्हणशील. चौपन्नाव्या वर्षी?) आता आठ वाजून सात मिनिटांनी ट्राम येते आणि आठ वाजून सात मिनिटांनीच जाते. पहिल्या रविवारी मी फाटकापर्यंत पोचलेसुद्धा होते.

"अहो मिस्टर क्रेमर, माझी पिन!"

"घड्याळ कुणाच्या पिनेसाठी थांबत नाही, मिस ड्युगन."

"हे वाक्य तुमचं नाही. आमच्या लिओचं आहे!"

"असेल. पण छापून आलंय," म्हणाले, आणि गेले. चेहरा मात्र त्यांच्या शेळीने कडू पाला चघळावा तसा झाला होता.

तेव्हापासून तीन रविवार मी दीड मैल चालते आहे (गुडघा!). मी पोचते तेव्हा शुभवर्तमान वाचून झालेलं असतं आणि न्हाव्याची मेबल ऑर्गनाशिवाय एकटीच गात असते. फादर डोलन म्हणाले, "विनी, तुझा ऑर्गन नसला की हिला आवरायचं कुणी?" मंडळीही नाखूश आहेत, इतक्या लवकर पोचून करायचं काय, हे कुणालाच कळत नाही. पण लिओ, ऑर्गन उद्या दुसरं कुणीही वाजवेल. आपल्यासाठी कुणी थांबतं, एवढ्यावर माणूस बावीस वर्षं सकाळी टोपी निवडू शकतं, हे मला ट्राम निघून गेल्यावर रस्त्यात उभी असताना कळलं.

असो. एडिथला माझी आठवण सांग, मुलांना बिस्किटं वेगळी पाठवते.

तुझी
विनीआत्या

ता. क. त्या घड्याळाचं काहीतरी कर. मासे धरताना ते पुलावरून नदीत पडलं असं काढ. येत्या रविवारीच काढ.

ता. क. जाड्या बाईला बारीक करू नकोस, लोकांना ओळख पटायला हवी. टोपीची फीत तेवढी निळी कर.

ता. क. शेवटच्या चौकटीत जागा उरलीच, तर मोटरमन खाली उतरून तिचं फाटक उघडतो, एवढं काढ. पुढचं काढू नकोस. पुढचं त्यांचं त्यांना सुचेल.

ता. क. (गुरुवार) पत्र नेहमीप्रमाणे टपालात टाकायला मिस्टर क्रेमर यांच्याकडेच दिलं होतं. आज संध्याकाळी ट्राम फाटकाशी थांबली, नऊ मिनिटं उशिरा. दोनदा घंटा झाली. ते खाली उतरले, फाटक उघडून आत आले आणि हे पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले, "पाकीट उघडं होतं. चिकटवायला गेलो, तर माझं नाव दिसलं." मी विचारलं, "आणि घड्याळ?" तर म्हणे, "पुलावरून पडलं." "अहो, पण तसं अजून छापून कुठे आलंय?" "रविवारपर्यंत कोण थांबणार, मिस ड्युगन?" डब्यात सहा माणसं होती आणि शेळी. कुणीही घाई केली नाही.

तेव्हा चित्र काढायची आता गरज नाही. फीत मात्र निळीच कर. आणि मदर स्कोलॅस्टिका जिथे असतील तिथून विचारतीलच, म्हणून लेखी देते: पाकीट चिकटवायला मी विसरले होते.