उष्णतेची गोळी

३ फेब्रुवारी
आज पुन्हा माझीच तपासणी लिहून दिली! मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या चकरांचं हे चौथं वर्ष. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिस्टरांना काही औषध चालू?" मी तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "नाय हो. उष्णतेची गोळी घेतो, बाकी धडधाकट हाय." बाईंनी मान डोलावली. झालं.

उष्णता! विश्वजीतच्या मोठ्या आतड्याला जखमा होतात, शौचातून रक्त जातं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. पण या घरात ते नाव कुणी घेत नाही. लग्नाआधीपासून ती 'उष्णता' आणि औषध 'उष्णतेची गोळी'. मीही तसंच म्हणते.

६ फेब्रुवारी
डोक्यातून जाईना. बाईंशी मी खोटं बोलले नाही. खरंही कुठं बोलले?

शेवटी गोळ्यांच्या खोक्यातला कागद उघडला. शाळेत जायच्या आधी माझ्या वडिलांनी, नानांनी, मला सोयगावला शेतातच वाचायला शिकवलं — फवारणीच्या डब्यांवर. "मोठं अक्षर विकण्यासाठी असतंय पोरी. बारीक आपल्यासाठी."

सल्फासॅलाझिन. एकमेकांना बांधलेली दोन औषधं! तशीच जोडीनं खाली जातात आणि मोठ्या आतड्यातले जंतू ती गाठ सोडतात. आपल्याच पोटातले जंतू! एक भाग जखमेवर काम करतो. दुसरा त्याला तिथवर पोचवायला आलेला. मी कितीतरी वेळ त्या एवढ्याशा गोळीकडे बघत राहिले.

मग खाली, अगदी बारीक — पुरुषांमध्ये शुक्राणू कमी होऊ शकतात. औषध थांबवल्यावर सहसा पूर्ववत होतात.

बोट ठेवून परत वाचलं.

७ फेब्रुवारी
विश्वजीतला दाखवलं. "म्हणजे मी?" एवढंच म्हणाला. जेवला नाही. नंतर म्हणाला, "मला गोळी सोडायची भीती वाटते. वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये मी बॅगेत दुसरी पँट घेऊन बसायचो. तू ते दिवस पाहिले नाहीस."

मी आग्रह केला नाही. मनानं बंद करू नये, हेही कागदावर होतंच.

११ फेब्रुवारी
पोटाच्या डॉक्टरांकडे दोघंच गेलो. मी एका दमात सगळं सांगितलं. ते विश्वजीतकडे बघतच राहिले. "मूल हवंय हे तुम्ही मला कधी बोललाच नाहीत!" खरंच की. पोटाच्या डॉक्टरांना मुलाचं सांगितलं नाही, मुलाच्या डॉक्टरांना पोटाचं!

मी एकेका गोळीचं विचारलं. स्टेरॉइड — लवकर गुण, पण भडका विझवण्यापुरतं. कायमचं नको. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या — जड, वरचेवर रक्त तपासावं लागतं, सध्या गरज नाही. आणि मेसालामाइन — त्या जोडीतला कामाचा भाग, एकटाच! वर असं आवरण की ते खाली पोचल्यावरच विरघळतं. "म्हणून चावायची नाही, कुटायची नाही." कुठं उघडायचं हे गोळीला कळतं! बाहेर आल्यावरही मी तेच बडबडत होते. विश्वजीत हसला — किती दिवसांनी.

जुनी बंद करून हीच लिहून दिली. पुरुषाचं बीज नव्यानं तयार व्हायला तीनेक महिने लागतात म्हणाले. "आणि परत रक्त गेलं तर?" मी विचारलं. "तर मला फोन. उष्णता म्हणून घरी बसायचं नाही."

१४ फेब्रुवारी
विश्वजीतच्या शुक्राणूंचा रिपोर्ट आला. कमी. फारच कमी. त्यानं स्वतःच आईला सांगितलं. मी ओट्याशी, हातात लाटणं.

"आई, दोष हिच्यात नाही. माझ्या गोळीमुळं आहे."
"उष्णतेच्या?"
"उष्णता नाही. कोलायटिस म्हण."
"मला नाय येत ते म्हणाया."

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी त्या कडू काढ्यांनी मी हिचं तोंड उगंच नासवलं व्हय?"

मला हसू आलं. मग रडू.

२ मार्च
रोज सकाळी तो बाथरूममधून बाहेर येतो, रक्त गेलं का म्हणून मी नुसती बघते. तो म्हणतो, "नाही."

१९ मार्च
आज "थोडं" म्हणाला.

मी तिथंच रडायला लागले. चांगली लागू पडलेली गोळी मीच सोडवली! आता बस, बॅग, सगळं परत? सासूबाईंनी फोन माझ्या हातात कोंबला. "आधी डागदरला लाव. मंग रड."

डॉक्टरांनी मात्रा वाढवली.

३० मार्च
थांबलं! चार सकाळी ओळीनं नाही.

कुणाला न दिसता आत जखम भरतेय. कुणाला न दिसता बीज घडतंय. आणि ज्याच्या आत एवढं सगळं चाललंय तो खुर्चीत बसून मोबाईल बघतोय! मी समोर भेंडी चिरत होते. सुरी थांबली. असं देवळातसुद्धा कधी वाटलं नव्हतं मला.

१६ जून
विश्वजीत बाहेर आला. "नाही," म्हणाला.

"या महिन्यात मलाही नाही," मी म्हटलं.