फुल बेसमधला सूड

१२ मे २००१, लातूर.
आजपासून सूड. ऑर्केस्ट्राचे मालक सिद्रामप्पा म्हणाले, रेणुकादासराव, उद्यापासून तुमचं रिदम मशीन आणू नका. मिहिर सगळा ठेका कॉम्प्युटरवर करायलाय. मिहिर! भोकरहून डॉक्टर व्हायला आला, कोचिंगला बसला, एंट्रन्सला आपटला आणि पडला तो थेट माझ्या खुर्चीवर. त्याला ऑर्केस्ट्रात आणलं कुणी? मीच.

१३ मे, सकाळी.
संकल्प: राग धरायचा नाही. फक्त नायनाट करायचा. शिल्पा म्हणाली, तुम्हीपण कॉम्प्युटर शिका की. बायको फितूर. तिच्याशी अबोला.

दुपारी.
अबोला संपला. भूक लागली होती.

१९ मे.
शत्रूच्या खोलीवर जाऊन पाहणी केली. स्क्रीनवर नुसते चौकोन. माऊसनं चौकोन भरला की ढोलकी वाजते. बोटांना कामच न्हाई! माझ्या मशीनची रबरी बटणं माझ्या बोटांनी झिजलीत. याला कला म्हणतात. त्यानं चहा दिला. संशय नको म्हणून प्यालो. पोहेही त्याच कारणानं खाल्ले. म्हणाला, "काका, तुम्ही मशीन वाजवा, मी कॉम्प्युटरमध्ये घेतो. दोन्ही मिळून लई भारी होईल." डाव ओळखला. साफ नकार. त्याचा ठेका तसा बरा होता. (हे वाक्य खोडणे.)

२७ मे.
संधी! अनिमेष सरांच्या क्लासचा गुणगौरव, दहा जूनला. बारावीची पोरं, पालक, हॉल गच्च. ऑर्केस्ट्रा आपलाच, म्हणजे मिहिर आणि त्याचा डबा. सरांना भेटून सुरुवातीची पाच मिनिटं एकट्या मशीनसाठी मागितली. सर घड्याळ बघत म्हणाले, थोडक्यात उरका. उत्सुकता दिसली.

४ जून.
नांदेडहून बेसचे दोन स्पीकर बॉक्स आणले. कपाटाएवढे. कॉम्प्युटरची टिकटिक कानात वाजते, माझं मशीन छातीत वाजलं पाहिजे. मिहिर रडणार. मी त्याला माफ करणार, पण सगळ्यांसमोर. माफीचं भाषण पाठ करतोय.

१० जून, संध्याकाळी.
यश! ठेका चालू केला, बेस फुल्ल. मशीन आपोआप वाजत होतं, मी हात जोडून उभा. खुर्च्या हलल्या, खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि एका क्षणात सगळा हॉल उठून उभा राहिला. नंतर हॉल रिकामा. एवढ्या लोकांना एकदम हलवणारा कलाकार लातुरात दुसरा न्हाई. भाषण राहिलं. बाकीचं उद्या लिहीन.

११ जून.
बाकीचं. लोक "भूकंप! भूकंप!" ओरडत पळाले. किल्लारीला अजून आठ वर्षं झाली न्हाईत, त्यात जानेवारीत टीव्हीवर भूज बघितलेलं. एक आजी नातवाचं मेडल मुठीत धरून अनवाणी रस्त्यावर. आतलं धडधडणं थांबेना, त्यामुळं आत जायला कुणी तयार न्हाई. मग ते एकदम थांबलं आणि मिहिर एकटाच दारातून बाहेर आला. म्हणाला, भूकंप न्हाई, मशीन हाय. लोक आधी रडले, मग हसले. मग मला शोधायला लागले. हे मला शिल्पाकडून कळलं.

आज दुपारी तो मशीन पुसून घरी घेऊन आला. मी आवाज चढवून विचारलं, माझ्या मशीनला हात लावायचा तुला काय अधिकार?

म्हणाला, "मशीनसाठी न्हाई गेलो, काका. मलापण भूकंपच वाटला. बाहेर तुम्ही कुठंच दिसेनात. वाटलं, आत अडकलात."

मी तेव्हा चौकापलीकडच्या पेट्रोल पंपावर होतो. हॉलमधून सगळ्यात आधी मीच निघालो होतो, शिल्पाला खुर्चीतच ठेवून. तो आवाज माझ्याच मशीनचा आहे, हे पंपावर पोचल्यावर ध्यानात आलं.

मिहिरला यातलं काही सांगितलं न्हाई.

शिल्पानं चहा देता देता सगळं सांगितलं.