आधीच केलेली खूण

रुसे, ९ ऑक्टोबर

प्रिय वेलिझारमामा,

सोफियात थंडी सुरू झाली असेल. इथे डॅन्यूबवरून धुकं येतं ते दुपारपर्यंत हलत नाही. आई बरी आहे. मिरच्या भाजून ल्यूतेनित्सा चटणीच्या बरण्या भरून झाल्या. तुझ्या वाटच्या वेगळ्या ठेवल्यात, पण आई म्हणते, "न्यायला स्वतः ये म्हणावं. बसवाल्याच्या हाती मी पाठवायची नाही."

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसतोस आणि माझं बोलायचं राहून जातं.

वाचनालयांतून रोज विचारणा होते. त्यांच्या जुन्या संगणकांवर आपल्या लिपाशिवाय दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम धड चालत नाही, आणि नवी आवृत्ती तयार असून अडकली आहे. तुझी सही झालीय, माझी राहिलीय. दोघांच्या सह्यांशिवाय लिपा बाहेर पडत नाही, हा नियम तुझाच.

सही का केली नाही ते सांगते.

दर वेळेसारखं लिपा कधीच न वापरलेल्या माणसाला ती इन्स्टॉल करायला बसवलं. यंदा त्सोंकाकाकू, ट्रॉलीबसवर कंडक्टर होत्या त्या. मी मागे बसले, हात मांडीखाली, तोंड बंद. सगळं छान चाललं होतं. मग ते पान आलं, जादा प्रोग्रामांचं. खेळ, फोटो आणि तो नवा 'सोबती'. पहिल्या दोन चौकटी रिकाम्या. सोबतीच्या चौकटीत मात्र आधीच बरोबरची खूण. काकूंनी माउसवरचा हात उचलला, चष्मा पुसला आणि सरळ 'पुढे' दाबलं.

संपल्यावर विचारलं, "काकू, सोबती हवाय तुम्हाला?"

"कोण सोबती?"

"तुम्ही घेतलात की! ती खूण होती ना?"

"मी कुठे केली? कुणीतरी करूनच ठेवली होती. अगं पोरी, आमच्या वेळी एकच नाव छापलेली मतपत्रिका तयारच हातात द्यायचे. नाव खोडायला पडद्यामागे गेलं की कोण गेलं ते बघणारा माणूस बसलेला असायचा. तेव्हापासून भरलेल्याला मी हात लावत नाही." मग हसून म्हणाल्या, "आणि रिकाम्यालाही नाही!"

मामा, त्या हसल्या, मला हसू आलं नाही. तुम्ही शोधता तो प्रत्येक शब्द सोबती एका कंपनीकडे पाठवतो, हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही.

मला वाटलं, स्तोइलचा निष्काळजीपणा असेल. पान त्यानेच बनवलंय. विचारलं तर म्हणाला, "मिगा, मी गवंडी आहे. खिडकी कुठे पाडायची ते घरमालक सांगतो."

"कोण घरमालक?"

"आता तुला तुझ्याच घरातली माणसं मी ओळखून देऊ?"

स्तोइलला तिरकं बोलायची सवय आहे. स्वतःची चूक तो दुसऱ्याच्या अंगावर सहज ढकलतो. असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण ऑगस्टमध्ये तू जेवताना विचारलं होतंस, "ते जादा प्रोग्रामांचं पान कुणी वाचतं का गं?" तेव्हा वाटलं, सहज विचारतोयस. मी म्हटलं, कुणीच नाही. तू मान डोलावून सूप वाढून घेतलंस. आता ते सूपसुद्धा मला संशयास्पद वाटतं. रोज थोडी थोडी खराब होत चाललेय मी.

तुझं म्हणणं मला पाठ आहे: चौकट रिकामी ठेवली तर चांगली वस्तूही कुणापर्यंत पोचत नाही. खरं आहे. अंधांसाठी पान वाचून दाखवणारा प्रोग्राम आपण वर्षानुवर्षं देतो, आणि ज्यांना तो हवा त्यांनाच तो सापडत नाही. म्हणून मी ते पानच बदललं. आता चौकटीच नाहीत. एका वेळी एकच प्रोग्राम समोर येतो: तो काय करतो, कुणाला काय पाठवतो, नंतर कुठून काढायचा. खाली सारख्याच आकाराची दोन बटणं, 'हवा' आणि 'नको'. आधीपासून दाबलेलं एकही नाही. काकूंना पुन्हा बसवलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, फोटोवाला घेतला, आणि सोबतीपाशी थांबल्या. "हा चोंबडा कशाला? नको!" बटण असं दाबलं की टेबल हललं.

आमच्या स्वयंपाकघरात अक्षरं आणि कीबोर्ड मला तू एकदमच शिकवलेस. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात काही घालायचं नाही, हेही तेव्हाच. त्यामुळे मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. खूण तू करायला लावलीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवीन, आणि त्याचीच मला भीती वाटते.

माझी सही बदललेल्या पानाच्या आवृत्तीवर झाली आहे. तिच्यावर तू केलीस तर दुसऱ्याच दिवशी ती वाचनालयांत जाईल. जुनीच पाठवायची असेल तर आधी सह्यांच्या यादीतून माझं नाव काढ. तो अधिकार तुझा आहे, मी भांडणार नाही. पण माझा होकार धरून चालू नकोस.

तुझी भाची
(हे मात्र तू विचारायची गरज नाही)
मिग्लेना