पाणाड्याची लेक

॥ श्री ॥
वैराग, ३ डिसेंबर १९७२

ती. आबांस वच्छलेचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. आमी समदी खुशाल हाय असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर विहीर तळाला गेली. औंदाबी हस्त कोरडा गेला, ज्वारी पेरलीच न्हाय.

मामंजी म्हणतात, पाणाड्याची लेक सून करून आणली ती कशापायी? हसून म्हणतात, पण डोळे हसत न्हाईत. तुमच्या काडीनं दाखवलेली एकबी विहीर कोरडी निघाली न्हाय, हे इकडं समद्यांना ठावं हाय. एकदा येऊन जागा दाखवा. संक्रांतीपातुर पाणी लागलं न्हाय तर बैलं विकून, घराला कुलूप घालून पुण्याकडं जायचं ठरलंय. मला हे घर सोडवत न्हाय, आबा.

वाट बघणारी,
वच्छला

होटगी, ९ डिसेंबर १९७२

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. हे पत्र तू एकटीच वाच.

मी येत न्हाय. काडीत कायबी न्हाय, पोरी. तुझा आजा म्हणायचा, काडी लोकांसाठी, डोळे आपल्यासाठी. उन्हाळ्यात उंबर कुटं हिरवा ऱ्हातो, वारूळ कुटं ओलं, ओढ्यात लव्हाळी कुटं टिकते, ते बघून मी जागा सांगायचो. काडी फिरते असं लोक समजायचे, मी समजू दिलं. आता पाऊसच बिघडला. वारुळं ओस पडली, लव्हाळी गुरांनी मुळासकट खाल्ली, झाडं पाल्यासाठी तोडली. मला सांगणारं कुणी उरलं न्हाय.

औंदा बजाबाई म्हणून एका म्हातारीला जागा दाखवली. तिच्या लेकांनी बारा दिवस खणलं, निस्ता मुरूम. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निघताना तिनं तांब्याभर पाणी दिलं.

तुमच्या ओढ्याला एक उंबर हाय, तुझ्या लग्नात बघितलाय. पाला अजून हिरवा असंल तर त्याच्या बुडाशी खणा. पण त्याला कुऱ्हाड लावू देऊ नका. बाप खोटा निघाला म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा आबा

वैराग, २१ जानेवारी १९७३

ती. आबांस दंडवत. पाणी लागलं! पाच परस खोल, म्हंजे पाच माणसं एकावर एक उभी ऱ्हातील एवढं. रानाला पुरत न्हाय, पण माणसांना आन बैलांना पुरतंय. पुण्याला जायचं ऱ्हायलं.

पण उंबर न्हाय. तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मामंजींनी दत्ताचं झाड म्हणून हात जोडले, आन तोडलं. बैलं उपाशी व्हती, मामंजींना तरी काय बोलू? पाला हिरवागार व्हता. मी बुंध्याजवळच खणायला सांगितलं, तुमच्या नावानं. चौथ्या परसाला ओली मुळं लागली, तवा मामंजी खड्ड्यातच बसून रडले. काडीचं मी कुणाला सांगितलं न्हाय. तुमी खोटे न्हाय, आबा.

काल शेजारच्या गावचे नागनाथराव आले, जागा दाखवायला आबांना धाडा म्हणाले. मी विचारलं, तुमच्या ओढ्याला उंबर हाय का. तर म्हणाले, व्हता की, गेल्या महिन्यापातुर.

आईला नमस्कार. लेकीवर जीव असाच ऱ्हाऊ द्या.

तुमची वच्छला