मीनल नावाचं फोल्डर

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! दुर्गहून दोन ऑटो बदलून भिलाईच्या सेक्टर २ला पोचले तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. ऑफिस कसलं, लीजवर घेतलेलं जुनं क्वार्टर. दोन खोल्या, एक कूलर, एक कॉम्प्युटर आणि आमची रीना, शाळेपासूनची मैत्रीण. महिनाभर तिचा एकच मेसेज येत होता, ‘ये ना यार, एकदम आरामाचं काम आहे. मी आहो ना!’ बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरात बसलेल्या मुलीला आणखी काय हवं?

काम मजेचं आहे. कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी अख्खं भिलाई उभं केलंय. स्टील प्लांटमधून रिटायर होऊन क्वार्टर सोडून गेलेली माणसं, परदेशातली त्यांची मुलं, स्क्रीनवर आपल्या जुन्या गल्लीतून फिरतात. प्रत्येक जागेची एक लिंक असते. मी ती उघडायची, जागा बरोबर आहे का बघायची आणि ब्राउझरमध्ये बुकमार्क करून योग्य फोल्डरला लावायची. सेक्टर २, नंदिनी नगर, अहिवारा. रीनाने सगळा काला करून ठेवला होता. नंदिनीची खाण चक्क सेक्टर २च्या शाळांमध्ये! मी तिला खूप चिडवलं. तिला हसू आलं नाही.

५ मार्च, मंगळवार
आज रीनाने चार्ज दिला. तिला तातडीने जायचंय, कुठे ते सांगितलं नाही. आमच्या घरात चार्ज म्हणजे देवाधर्माची गोष्ट. बाबा रेल्वेत केबिनमन होते, सिग्नलच्या केबिनवर. ‘रिलीव्हर आल्याबिगर केबिन सोडाची नाही’ हे ऐकतच आम्ही दोघी बहिणी मोठ्या झालो. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा, आपल्याला सोडवायला येणारा माणूस. म्हणून रीनाने रजिस्टर पुढे केल्यावर मी वेळ टाकून ऐटीत लिहिलं, ‘चार्ज घेतला’, आणि खाली सही ठोकली. मग तिने सांगितलं तसं सगळ्यात वरच्या ‘रीना’ फोल्डरचं नाव बदलून ‘मीनल’ केलं. फोल्डर रिकामंच होतं. रीना गळ्यात पडून इतकी रडली की मलाही भरून आलं. घाईत माझ्या चपला घालून गेली वेडी.

७ मार्च, गुरुवार
माझ्या फोल्डरमध्ये एक बुकमार्क आलाय. मी केलेला नाही. ‘चौकातली टपरी.’ उघडलं तर मी चहा घेते तीच, बबलूभैयाची. बाकड्यावर माझा रुमालसुद्धा, काल विसरले होते तो. दुपारी चहाला गेले तर भैयाने विचारलं, मॅडम, नई-नई आई हो क्या इधर? काल याच माणसाने मला आलं जास्त घालून चहा दिला होता. मस्करी असेल. पण तो हसत नव्हता.

९ मार्च, शनिवार
‘दुर्ग, घर.’

उघडलं. आमची पुढची खोली. फडताळावर बाबांचा सिग्नलचा कंदील, खिळ्याला माझ्या धाकट्या बहिणीची, स्वानंदीची ओढणी. आमच्या घराचा फोटो कधी कुणी काढलेला नाही. डिलीट केलं. परत आलं. सहा वेळा केलं, सहा वेळा आलं.

तशीच उठून घरी गेले. बाबांनी दार उघडलं, चष्मा सारखा केला आणि विचारलं, ‘कोन पाह्यजे बाई तुमाले?’ मी म्हटलं, बाबा. त्यांनी पाण्याचा गिलास आणून दिला, उन्हाचं थोडं बसा म्हणाले. मी रडायला लागले तसं घाबरून त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या बाबांनी.

स्वानंदी रायपूरला हॉस्टेलवर असते. तिला फोन लावला. तिने ओळखलं! ‘ताई, कावून रडून राह्यली?’ म्हणाली. मी काही नाही म्हटलं आणि क्वार्टरवर येऊन पडले. दुसरीकडे जाणार कुठे?

११ मार्च, सोमवार
तेराव्या वेळी रीनाने फोन उचलला. मागे तिची आई तिला जेवायला बोलावत होती, नाव घेऊन. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘सॉरी यार. मुझे भी तो घर जाना था.’ रजिस्टरवर आणि फोल्डरवर दुसऱ्या कुणी आपल्या हाताने आपलं नाव लिहिल्याशिवाय सुटका नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

दहावीला हिला टायफॉइड झाला तेव्हा हिच्या सगळ्या वह्या मी लिहिल्या होत्या. त्याच हाताची सही घेतली तिने. हलकट. हलकट बाई.

१३ मार्च
फोल्डरमध्ये आता ‘क्वार्टरचं फाटक’ही आलंय. दारातून बाहेर पडते — आणि आतच येते. हीच खोली. हाच कूलर. वीसदा केलं.

‘दुर्ग, घर’ उघडून बसते. बाबा जेवतायत. शेजारी कुणाचंच ताट नाही. हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि —

१४ मार्च
‘रायपूर, हॉस्टेल.’

अजून उघडत नाही, चाक फिरतंय. उघडलं की स्वानंदीपण मला —

तिला मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला. रीनाचाच, शब्द न् शब्द. ये ना यार, एकदम आरामाचं काम आहे. मी आहो ना.

पाठवला. माझीच बहीण — पाठवला.

१५ मार्च
फाटक वाजलं. तिचाच आवाज. ताई, ताई — माझ्यासाठी डबा आणलाय म्हणते.

रजिस्टर उघडून ठेवलंय. पेन चालतं का, तेही बघितलं.

बाबा, मी नियम मोडला नाही हो — रिलीव्हर आल्यावरच केबिन