शिडीचा गुडघा

२ सप्टेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. कारण घडलंच तसं. आमचा क्रीडा बातमीदार दुसऱ्या पेपरात पळाला आणि संपादकबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, बास्केटबॉलमधलं काही कळतं का. मी म्हणालो, कळतं. खोटं नाही. कॉलेजात असताना मी टीमचा स्कोअर लिहायचो. नंतर त्यांनी दुसरा मुलगा घेतला, ती गोष्ट वेगळी.

ऑक्टोबरात लीग सुरू होतेय. आठ संघ. त्याआधी 'यंदा कोण जिंकणार' हा अर्ध्या पानाचा लेख मी लिहायचा. जमला, तर क्रीडा पान कायमचं माझं. आजवर माझ्याकडे हवामान आणि निधनवार्ता. दोन्ही बाहेरून तयार येतात, आपण फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. भाकीत म्हणजे स्वतःच्या डोक्याचं काम. डोकं होतंच, वापरायला कोणी सांगत नव्हतं.

२ सप्टेंबर, संध्याकाळी

बायकोला सांगितलं. ती आपल्या शहराच्या संघाची फिजिओथेरपिस्ट. त्या ताडमाड पोरांचे घोटे, गुडघे, खांदे रोज तिच्या हाताखालून जातात. म्हणजे खाण घरातच. पण तिने भाजी चिरता चिरता बजावलं की उपचारांच्या खोलीतलं अक्षरही बाहेर जाणार नाही, तसं तिने क्लबला लिहून दिलंय, तेव्हा विचारायचंसुद्धा नाही. मी म्हणालो, विचारतोय कोण? माझी पद्धत शास्त्रीय असणार आहे.

संकल्प: पहाटे उठणे. पळणे. नियमांचं पुस्तक संपवणे. बायकोला काहीही न विचारणे.

५ सप्टेंबर

उठलो साडेआठला. झोपेत मेंदू जास्त काम करतो. पळणं उद्यापासून. नियमांचं पुस्तक चालू आहे. चेंडू हातात घेऊन किती पावलं टाकायची, यावरच चार पानं. खेळाडू एवढं वाचत असतील असं वाटत नाही.

पॅसेजमध्ये चेंडू आपटून बघितला. खेळाची नाडी कळावी म्हणून. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना खेळाची नाडी नको आहे.

९ सप्टेंबर

शास्त्रीय पद्धत तयार. प्रत्येक संघाला उंचीचे, वयाचे, अनुभवाचे आणि फोटोत दिसणाऱ्या आत्मविश्वासाचे गुण. बेरीज केली. गेल्या वर्षी तळाला असलेला संघ पहिला आला. फोटो नव्या कॅमेऱ्याने काढला असावा. आत्मविश्वास रद्द केला. मग आपला संघ सातवा आला. आपल्या शहराचा पेपर, आपला संघ सातवा, म्हणजे संपादकबाई मला निधनवार्तेत टाकणार, आणि ते ऱ्हस्व-दीर्घ बघण्यासाठी नव्हे. अनुभवाला दुप्पट वजन दिलं. आता तिसरा. शास्त्र लवचीक हवं.

१४ सप्टेंबर

सगळं शिडीवर अडलंय. शिडी म्हणजे आपला सर्वांत उंच खेळाडू. अख्खं शहर त्याला याच नावाने ओळखतं. गेल्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. शिडी खेळला तर आपण पहिले. नाही खेळला तर देवच वाली. क्लब यावर गप्प.

माझा न्हावी म्हणतो, गुडघा गेला. त्याला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, गिऱ्हाइकाला मेव्हण्याने. मी म्हणालो, आम्ही पत्रकार अशा ऐकीव गोष्टींवर विसंबत नाही. त्यावर त्याने कानामागचे केस जरा जास्तच काढले.

१५ सप्टेंबर

जेवताना सहज, अगदी सहज, विचारलं की गुडघा बरा व्हायला साधारण किती दिवस लागतात. बायकोने विचारलं, कोणाचा. मी म्हणालो, माझा. चूक झाली. तिने मला जेवण झाल्यावर जमिनीवर झोपवलं, पाय वाकवला, फिरवला, दाबला. माझा गुडघा खरोखरच वाईट निघाला. सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचा व्यायाम दिलाय आणि ती समोर उभी राहून करून घेते. शिडीबद्दल काहीच कळलं नाही. जिना चढताना गुडघा मात्र आता दुखायला लागलाय.

१९ सप्टेंबर

उद्या सुट्टी आहे का, असं विचारलं. (सुट्टी असली, म्हणजे शिडीला उपचारांची गरज नाही.) ती म्हणाली, आहे, तुझ्या प्रश्नांना.

एखादीला नवऱ्याच्या प्रगतीचा आनंद झाला असता. मी काय मागतोय? एक हो किंवा नाही. मान हलवली तरी चाललं असतं. बारा वर्षं हवामान छापतोय. आभाळाकडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही कधी. आता एकदा वर बघतोय, तर घरातलंच माणूस डोळ्यांवर हात ठेवतं.

असो. संकल्प: तिला काही विचारायचं नाही. फक्त निरीक्षण करायचं. निरीक्षणाला कोणी बंदी केलेली नाही.

२४ सप्टेंबर

मिळालं!

बायको गुणगुणत घरी आली. गुणगुणत. जेवताना भात दोनदा घेतला. माझ्या व्यायामाची आठवणही केली नाही. ज्या बाईचा मुख्य पेशंट अंथरुणाला खिळलाय ती दोनदा भात घेईल का? गुडघा ठणठणीत आहे. तिने एक शब्द उच्चारला नाही आणि मला सगळं समजलं. याला म्हणतात संसार.

२७ सप्टेंबर

लेख दिला. आपला संघ पहिला. लेख नुसता कोरडा नको, म्हणून मध्ये एक वाक्य टाकलं: 'क्लबच्या उपचारकक्षातल्या अत्यंत विश्वसनीय सूत्राकडून समजते की शिडीचा गुडघा पूर्ण बरा असून तो पहिल्याच सामन्यात उतरेल.'

संपादकबाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, ही खरी बातमी. त्यांनी याआधी माझ्या कशाखाली चांगल्या अर्थाने रेघ मारलेली आठवत नाही. बायकोचं नाव कुठेही घेतलेलं नाही. नाव न घेता तिचा गौरव केलाय. तिला हळूच कळेल.

२९ सप्टेंबर

छापून आला. फोटोसह. न्हाव्याने कात्रण आरशाला लावलं. तिघांनी रस्त्यात थांबवलं, त्यातल्या एकाला पत्ता हवा होता. बायको लवकर गेली होती, पेपर घडी न उघडता टेबलावर. संध्याकाळी दाखवेन.

२९ सप्टेंबर, संध्याकाळी

ती अजून आली नाही. बहुतेक क्लबमध्ये अभिनंदन चाललं असेल.

१ ऑक्टोबर

काय लिहू. लिहितो.

क्लबने तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. उपचारकक्षात ती एकटीच काम करते. सूत्र म्हटल्यावर दुसरं कोण? हे मला लिहिताना सुचायला हवं होतं, असं ती म्हणाली. मी म्हणालो, पण मी तर चांगलंच लिहिलं. ती म्हणाली, चांगलं की वाईट, बरोबर की चूक, हा प्रश्नच नाही. मी बाहेर बोलले असं त्यांना वाटतंय, आणि अशा बाईकडे कुठला खेळाडू स्वतःचं दुखणं घेऊन येईल.

दुपारी घरी आलो तर ती घरच्या कपड्यांत खिडकीशी बसलेली. तिचे व्यायामाचे रबरी पट्टे खुर्चीवर नीट गुंडाळून ठेवलेले. मी पाय उचलायचा व्यायाम आपणहून करून दाखवला. तिने बघितलं नाही.

२ ऑक्टोबर

संपादकबाईंना सगळं सांगितलं. म्हणजे, सगळं नाही. क्लब चिडलाय एवढं सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, चिडले म्हणजे बातमी खरी. पुढच्या आठवड्यापासून क्रीडा पान तुम्ही बघा. आणि काही झालं तरी सूत्र उघड करायचं नाही, पत्रकार तुरुंगात जातो पण सूत्र सांगत नाही.

अंगावर काटा आला. क्रीडा पान! आणि तत्त्वसुद्धा!

घरी येऊन बायकोला अतिशय शांतपणे समजावलं की व्यवसायाची काही मूल्यं असतात, मी माझं सूत्र उघड करू शकत नाही.

तिने विचारलं, "सूत्र आहे कुठे?"

मी तिला २४ तारखेची आठवण करून दिली. गुणगुणण्याबद्दल सांगितलं. भाताबद्दलही. तिने खुर्चीवरचे रबरी पट्टे उलगडून पुन्हा गुंडाळले. मग म्हणाली, त्या दिवशी दुपारी जेवायला वेळच मिळाला नव्हता. आणि गुणगुणत होते कारण तू घरी नसशील असं वाटलं होतं.

३ ऑक्टोबर

विचार केला. तीन मार्ग आहेत. एक, सूत्र म्हणजे क्लबचा हॉल झाडणारा माणूस, असं सांगणं. पण तो बिचारा विनाकारण जाईल. दुसरा, गप्प बसणं. लोक विसरतात. आपल्या पेपरातलं तर लगेच विसरतात. तिसरा मार्ग मला आवडत नाही, म्हणून त्यावर अजून नीट विचार केलेला नाही.

संध्याकाळी तिने स्वतःच विषय काढला. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. एवढंच म्हणाली, "परवा क्लबमध्ये चौकशी आहे. तिथे ये आणि खरं काय ते सांग. मी तुझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही."

खरं सांगितलं तर क्रीडा पान गेलं. नाही सांगितलं तर तिचं काम गेलं. काम तिला किती प्रिय आहे, मला माहीत आहे. माझा गुडघा तपासतानासुद्धा तिचा चेहरा उजळला होता. मी म्हणालो, बघू.

'बघू' ऐकून ती आत गेली. बघू म्हणायला नको होतं.

४ ऑक्टोबर

गेलंच पाहिजे. संपादकबाईंच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आलो. सूत्र नव्हतं, मी ठोकून दिलं. त्यांनी फोन उचलला आणि कोणाला तरी विचारलं की क्रीडा पानासाठी माणूस मिळेल का. मी अजून समोर उभा होतो.

उद्यासाठी भाषण तयार केलंय. मी एवढा जाणकार आहे की मला सूत्राची गरजच नव्हती, निव्वळ अभ्यासातून निष्कर्ष काढला, असा मुद्दा. सन्मानाने सुटता येईल. दोघांनाही.

५ ऑक्टोबर

जाऊन आलो.

क्लबचे मॅनेजर, ती आणि मी. टेबलावर माझा लेख. मी भाषणाला सुरुवात केली. अभ्यास या शब्दापाशी मॅनेजरांनी हात वर केला आणि लेख माझ्याकडे फिरवला. त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मी चौथ्या क्रमांकावर ठेवलेला संघ गेल्या वर्षीच बंद पडलाय. ज्याला मी 'यंदाचा हुकमी एक्का' म्हटलं, तो संघाच्या बसचा ड्रायव्हर आहे. एकदा सराव बघायला गेलो तेव्हा तो संघाच्याच ट्रॅकसूटमध्ये बाकावर बसला होता, मी काय करणार. आणि शिडीच्या गुडघ्यावर गेल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. हे काल क्लबनेच जाहीर केलंय, आज आमच्या पेपरातही आलंय. मी निधनवार्ता बघत होतो, वाचायचं राहिलं.

मॅनेजर म्हणाले, "आम्ही कालच सगळं पुन्हा नीट वाचलं. या बाईंनी तुम्हाला एक शब्द जरी सांगितला असता, तर इतकं चुकणं शक्यच नव्हतं."

झालं. चौकशी संपली. माझ्याकडून एका ओळीत लिहून घेतलं, की मला या विषयातली कुठलीही माहिती नव्हती. कोणत्या विषयातली, ते लिहायला जागा ठेवली नव्हती. ती उद्यापासून कामावर. मॅनेजरांनी तिची माफी मागितली. मग माझ्याकडे वळून, बराच विचार करून, मला पाणी विचारलं.

बस स्टॉपपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. बाकावर बसली आणि एकदम हसायला लागली. थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं, तुला काही कळत नाही." आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. चांगलीच लागली.

मीही हसलो. मला हसू आलेलं नव्हतं. पण कितीतरी दिवसांनी ती माझ्या शेजारी बसून हसत होती, आणि बस यायला अजून वेळ होता.