बाबांच्या जागेवरची पांढरी गाडी

ताई,
आपल्या पार्किंगमधली ती परकी गाडी आजही जागची हललेली नाही. आई अजून रोज बाबांची वाट बघत ती जागा झाडते, फक्त आता गाडीखाली वाकून. वॉचमन म्हणतो, "काकूंनी नवीन घेतली वाटतं!"

मी वायपरखाली चिठ्ठी लावली होती: 'गाडी काढा. बाबा बाहेर गेलेत, कधीही परत येतील.' सकाळी तिथेच उत्तर सापडलं: 'सात महिने जागा रिकामी दिसतेय. बाबा आले की दोन मिनिटांत काढतो.' इतक्या सभ्य माणसाशी भांडायचं तरी कसं? उत्तर लिहिताना तीन कागद फाडले आणि शेवटी 'चालेल' लिहून कामावर निघालो.

मी बाबांची जागा देऊन टाकली, हे आईला तू सांग. मला जमणार नाही.

— धाकटा